जस्त, पितळ आणि खाडीत उभी राहिलेली नौका: एका पंख्याचे प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत राजिवड्याच्या बाजूला लागणाऱ्या एका फायबरच्या मासेमारी नौकेचे आहे. नौका साधारण पन्नास फुटी, इंजिन सहा सिलिंडरचे, गिअरबॉक्स तीनास एक, शाफ्ट (इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत नेणारा दांडा) स्टेनलेस स्टीलचा आणि पंखा छत्तीस इंची, तीन पात्यांचा, पितळी. पुस्तकात ज्याला प्रोपेलर म्हणतात त्याला बंदरावर सगळे पंखाच म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द वापरला आहे. नौकेच्या मालकांशी माझा जुना परिचय असून इंजिन, शाफ्ट आणि गंज यांविषयी ते माझा सल्ला घेतात. या प्रकरणातील एक निर्णय माझ्याच सल्ल्याने झालेला होता आणि तो अर्धवट होता. ते येथे स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण अडचणीचे मूळ तेथेच सापडले.

२०१९च्या पावसाळी मासेमारी बंदीत नौका वर ओढलेली असताना पंख्याच्या पात्यांवर गुलाबी छटेचे डाग दिसले होते. पंख्यांच्या या धातूला व्यापारात मँगनीज ब्राँझ असे भारदस्त नाव असले, तरी त्यात तांबे साठ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेल्यात बहुतांश जस्त असते. म्हणजे तो खरोखर पितळच असतो, आणि तांडेल (नौका चालवणारे प्रमुख) ज्याला ‘पितळी पंखा’ म्हणतात ते रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अधिक बरोबर आहे. अशा पितळातील जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू विरघळून निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. गुलाबी डाग ही त्याचीच खूण असते. त्यावर उपाय म्हणून मी शाफ्टवर आणि सुकाणूजवळ मिळून जस्ताचे तीन ठोकळे बसवायला सांगितले आणि ते शाफ्टशी तारेने जोडले. जस्त स्वतः झिजते आणि पितळाला वाचवते, हे तत्त्व जुने व खात्रीचे आहे. नौकेच्या तळाला त्याच महिन्यात शेवाळ आणि शिंपले रोखणारा तांबेयुक्त रंग लावला गेला. पंखा मात्र घासून लख्ख केला आणि तसाच उघडा ठेवला, कारण आमच्याकडे पंख्याला रंग लावण्याची पद्धत नाही.

ऑगस्ट आणि सप्टेंबर व्यवस्थित गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले, ऐन दिवाळीत ते महाचक्रीवादळाच्या पायरीला पोहोचले, आणि ते ओमानच्या दिशेने सरकते न सरकते तोच ‘महा’ उभे राहिले. नौका २४ ऑक्टोबरच्या सुमारास खाडीत आली ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेरपर्यंत जागची हलली नाही. या काळात इंजिन दोनदा सुरू केले गेले, पण केवळ बॅटरी चार्ज करण्यासाठी. गिअर टाकलाच नाही, त्यामुळे पंखा एकदाही फिरला नाही.

तक्रार आणि तिचा माग

९ नोव्हेंबरला नौका बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी परतली. तांडेलांनी जेटीवरूनच सांगितले, “भाऊ, मशीन ठीक आहे, पण बोट ओढत नाही. धूर बघा, काळाकुट्ट.” एरवी आठ नॉटच्या आसपास सहज जाणारी नौका सहाच्या वर सरकत नव्हती आणि इंजिनाचे फेरे पूर्ण थ्रॉटलवरही चौदाशे-साडेचौदाशेला अडकत होते.

डिझेल फिल्टर, हवेचा फिल्टर आणि इंजेक्टर यांवर पहिला संशय जाणे स्वाभाविक होते, आणि मालकांनी दोन्ही फिल्टर बदलूनही घेतले होते. परंतु एक साधी चाचणी त्याआधी करायला हवी होती. गिअर न टाकता इंजिन वाढवून पाहिले, तर ते विनासायास अठराशेच्या पुढे गेले आणि धूरही निवळला. गिअर टाकताच पुन्हा तेच. याचा अर्थ इंजिनाला हवा आणि डिझेल मिळत होते. ओझे पाण्यात होते. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला तेव्हा तो बेअरिंगमध्ये अडकत नव्हता, म्हणून जाळे किंवा दोर गुंतल्याची शक्यताही कमी झाली. शेवटी एक खलाशी कमरेला दोर बांधून खाली गेला. गढूळ पाण्यात त्याला दिसले काहीच नाही, पण वर येऊन तो म्हणाला की पंखा खडकासारखा हाताला लागतो, आणि त्याने बोटे दाखवली. तीन बोटांवर ताजे ओरखडे होते. त्याच दमात त्याने तळावर हात फिरवला होता आणि तळ त्याला नुसता बुळबुळीत लागला होता.

तळाच्या मानाने पंख्याचे क्षेत्रफळ अगदी थोडे असते, मग त्यावरच्या चार शिंपल्यांनी इतका फरक कसा पडतो, असा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो रास्त होता. याचे उत्तर वेगात आहे. इंजिन पंधराशे फेऱ्यांवर असेल तर तीनास एक गिअरमुळे पंखा मिनिटाला पाचशे फेरे घेतो. छत्तीस इंची पंख्याच्या पात्याचे टोक त्या वेळी सेकंदाला सुमारे चोवीस मीटर, म्हणजे ताशी सुमारे शहाऐंशी किलोमीटर वेगाने पाणी कापत असते, तर नौकेचा तळ त्याच पाण्यातून ताशी पंधरा किलोमीटरने जात असतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तळावर नगण्य वाटणारा खडबडीतपणा पात्याच्या टोकाशी इंजिनाची शक्ती खाऊन टाकतो. शिवाय पात्याचा आकार पाणी मागे ढकलण्यासाठी काटेकोर घडवलेला असतो. त्याच्या पाठीवर उंचवटे आले की प्रवाह पात्याला धरून राहत नाही, ढकल कमी होते आणि ओझे वाढते. इंजिनाला फेरे मिळत नाहीत, म्हणून हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही आणि काळा धूर येतो. अशा अवस्थेत थ्रॉटल पुढे रेटत राहणे म्हणजे इंजिनाचे आयुष्य कमी करणे होय.

शेजारची लाकडी नौका

येथवर प्रकरण साधे होते: नौका उभी राहिली, पंख्यावर जीव बसले, घासून काढावेत. परंतु त्याच खाडीत, अवघ्या दोन नौका पलीकडे, एक जुनी लाकडी नौका तितकेच दिवस उभी होती. तिचाही पंखा पितळी, शाफ्टही स्टेनलेसचा, आणि तिच्या तांडेलांची काहीच तक्रार नव्हती. त्याच खलाशाला तिच्याखाली पाठवले असता तिचा पंखा बुळबुळीत पण बऱ्यापैकी साफ निघाला. काही जीव मधल्या गड्ड्याजवळ होते, पात्यांवर विरळच. तिच्या शाफ्टवर एकेकाळी जस्ताचा ठोकळा होता, पण तो झिजून नुसता बोल्ट उरलेला होता.

हे ऐकल्यावर मला माझ्याच तीन ठोकळ्यांची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर आणि चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ विद्युदग्र (तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणारा) घेऊन गेलो. इंजिनरूममध्ये शाफ्टच्या कपलिंगचा रंग खरवडून मीटरची एक तार चिमट्याने तेथे लावली आणि विद्युदग्र वायरीने पिछाडीवरून पंख्याच्या खोलीपर्यंत पाण्यात सोडला. उघडे पितळ समुद्राच्या पाण्यात उणे ०.३ व्होल्टच्या आसपास असते, जस्त उणे एक व्होल्टच्या थोडे पलीकडे. मीटरने उणे ०.९५च्या जवळपास आकडा दाखवला. म्हणजे पंखा विद्युतदृष्ट्या जवळजवळ जस्त झालेला होता. गंजाच्या बाजूने पाहिले तर हा उत्तम निकाल होता, आणि जीव बसण्याच्या बाजूने पाहिले तर तोच निकाल अडचणीचे कारण होता.

तांबे आणि तांब्याच्या मिश्रधातूंवर समुद्री जीव कमी बसतात याचे कारण धातू गुळगुळीत असतो हे नाही. धातू अगदी हळू झिजत राहतो आणि त्याच्या पृष्ठभागालगतच्या पाण्यात तांब्याचे आयन (विद्युतभारित सूक्ष्म कण) सतत सुटत राहतात, जे बहुतेक जीवांच्या अळ्यांना विषारी ठरतात, हे खरे कारण आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या लाकडी तळाला ठोकले जाणारे मुंट्झ धातूचे पत्रे साठ टक्के तांबे आणि चाळीस टक्के जस्ताचेच, म्हणजे आपल्या पंख्याच्याच जातीचे पितळ होते, आणि ते याच गुणासाठी वापरले जात. परंतु त्या पितळाला जस्त जोडले की झिजण्याचे काम जस्त करते, पितळाची झीज थांबते आणि तिच्याबरोबर तांब्याचे आयनही थांबतात. पंखा वाचतो, आणि वाचलेला पंखा समुद्री जीवांच्या लेखी खडकासारखाच एक निरुपद्रवी पृष्ठभाग होतो.

हा शोध नवा नाही. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे लवकर झिजतात म्हणून हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये त्यांना लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. ज्या जहाजांवर हा प्रयोग झाला त्यांत ‘सॅमरँग’ होते, आणि आपल्यासाठी त्यातील विशेष असे की ते १८२२ मध्ये आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, कोचीनला बांधले गेले होते. पत्रे उत्तम टिकले. पण त्यांवर शेवाळ आणि शिंपले इतके माजले की जहाजांचा वेग घटला आणि काही वर्षांतच नौदलाला ते तुकडे काढून टाकावे लागले. डेव्हीचे रसायनशास्त्र अचूक होते. तांबे झिजणे हाच त्याचा उपयोग होता, हे त्यातून समोर आले. हा इतिहास मी वाचलेला होता, तरी जुलैमध्ये ठोकळे बसवताना तो मला आठवला नाही. मालकांना मी जस्ताचा फायदा सांगितला आणि त्याची दुसरी बाजू सांगितली नाही.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. दोन नौकांची ही तुलना म्हणजे प्रयोग नव्हे. त्यांची जागा थोडी वेगळी होती आणि पंखे वेगवेगळ्या वयाचे होते. जस्त नसते तरी सतरा दिवस उभ्या नौकेचा पंखा पूर्ण साफ राहिला असता असे मी म्हणणार नाही. परंतु मीटरचा आकडा, शेजारचा पंखा आणि ज्ञात रसायनशास्त्र या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

उधाणावर काढलेली नौका

१२ नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा होती. पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत जोराचे असते, म्हणून १४ तारखेला दुपारच्या भरतीला नौका खाडीतील कठीण पुळणीवर नेऊन दोन्ही बाजूंना टेकण लावले. पाणी उतरत गेले आणि साडेतीन-चारच्या सुमारास पंखा उघडा पडला.

तिन्ही पात्यांवर राखाडी-पांढऱ्या सुळक्यांची दाट वस्ती होती. हे बार्नॅकल, म्हणजे खडकावर अनवाणी चालताना तळपाय कापणारे तेच जीव. दिसायला शिंपल्यासारखे असले तरी ते कोळंबी आणि खेकड्याचे भाऊबंद आहेत. बहुतेक मुगापासून हरभऱ्याएवढे होते, आणि पात्यांच्या मुळाशी, जेथे फिरताना पाण्याचा मारा कमी असतो, तेथे वाटाण्याएवढे काही जुने होते. मधूनमधून पांढऱ्या चुनखडीच्या वेड्यावाकड्या नळ्या, म्हणजे नळीत राहणारे कृमी, आणि या सगळ्यावर मऊ तपकिरी बुळा. एक सुळका मी लाकडी पट्टीने ढकलला. तो वरचा वर निघाला आणि खाली पितळावर बांगडीसारखे पांढरे वर्तुळ राहिले, ज्यात मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा स्पष्ट दिसत होत्या. ते त्या जीवाचे बूड होते, सिमेंटने चिकटवलेले, आणि ते नखाने निघत नव्हते.

त्या वर्तुळाकडे दुर्लक्ष करण्याची चूक बंदरावर सर्रास होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बार्नॅकलची अळी पाण्यात तरंगत सहा अवस्था पार करते आणि मग एका विशेष रूपात येते, ज्यात ती काही खात नाही. तिचे एकच काम उरते, जागा शोधणे. डोक्यावरच्या दोन मिशांनी ती पृष्ठभागावर अक्षरशः चालत, थांबत, चाचपत जाते. जागा पसंत पडली की सिमेंट सोडून कायमची चिकटते आणि उरलेले आयुष्य तेथेच काढते. प्रजननासाठी तिला शेजारी लागतो, म्हणून जेथे आपल्या जातीचे जीव आहेत किंवा होते, तेथे बसणे ती पसंत करते; मोठ्यांच्या अंगातील प्रथिनांचा माग तिला लागतो. म्हणजे सुळके खरवडून बुडे तशीच ठेवलेला पंखा हा पुढच्या पिढीला दिलेले निमंत्रण असतो. वरवर खरवडलेला पंखा महिनाभरात पुन्हा भरतो आणि लोक खाडीला दोष देतात.

हाती पाच तास होते. आधी लाकडी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी सुळके काढले. लोखंडी छिन्नी मी वापरू दिली नाही, कारण पितळावर पडलेली प्रत्येक चर पुढच्या अळीला आडोसा देते आणि पात्याची धारही बिघडते. मग पाणी मारत आधी जाड्या आणि नंतर बारीक पॉलिश पेपरने बुडे घासली. दोन खलाशांनी ॲसिड टाकून काम लवकर आटपू असे सुचवले. हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना झटकन विरघळतो हे खरे. पण पितळातील जस्तही ते खाते, आणि तेथून पन्नास पावलांवर बायका ओहोटीला मुळे (खाण्याचे शिंपले) आणि कालवे काढत होत्या. ते होऊ दिले नाही. सहाला अंधार पडला, पुढचे काम बॅटरीच्या उजेडात झाले. शेवटची तपासणी डोळ्यांनी न करता बोटांनी केली: डोळे मिटून तळहात पात्यावरून फिरवला की राहिलेले बूड लगेच लागते. पाणी गुडघ्याला आले तेव्हा तिसऱ्या पात्याची मागची बाजू पूर्ण झाली. मध्यरात्रीच्या भरतीवर नौका तरंगली, आणि दुसऱ्या सकाळी इंजिनाने गिअरमध्ये अठराशे फेरे घेतले.

जस्त काढायचे की ठेवायचे

मालकांचा पहिला विचार सरळ होता: “ठोकळे काढून टाकू. पंखा साफ राहतो म्हणता ना?” मी त्याला ठाम नकार दिला. जुलैमध्ये पाहिलेले गुलाबी डाग खरे होते आणि पितळातून निघून गेलेले जस्त परत भरता येत नाही. एक ठोकळा काढून दोन ठेवण्याचा मध्यम मार्गही या प्रश्नापुरता मार्ग नव्हे, कारण पितळाची झीज पुरेशी रोखणारे जस्त तांब्याचे आयनही रोखणारच. पात्यांना झिजू न देता त्यांतून तांबे सुटत राहावे, ही मागणीच परस्परविरोधी आहे. त्यामुळे गंजाची जबाबदारी जस्ताकडे ठेवून जीव रोखण्याचे काम दुसऱ्या कशाकडे तरी सोपवणे भाग होते.

ग्रीस चोपडण्याचा उपाय अनेक जण करतात. फिरत्या पात्यावर साधे ग्रीस दोन फेऱ्याही टिकत नाही, आणि जे सुटते ते खाडीत जाते. तळाचा तांबेयुक्त रंग पंख्याला लावायचा, तर खाली योग्य प्रायमर हवा, नाहीतर पात्याच्या वेगाने तो पापुद्र्यासारखा सुटतो. तसा तो लावला तरी टोकांवर हंगामभर टिकणे कठीण. एका हितचिंतकाने जुना ‘टिनवाला’ रंग कोठून तरी मिळवून देतो असेही सांगितले. त्याविषयी माझे मत कडक आहे. ट्रायब्युटिल टिनच्या रंगांनी तळ खरोखर साफ राहत असत, पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात त्याच रंगामुळे कालवांचे कवच विकृत जाड झाले आणि पैदास कोसळली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर त्याला बंदी घातली, आणि आंतरराष्ट्रीय कराराने २००८पासून जहाजांवर तो निषिद्ध आहे. ज्या खाडीतले मुळे आपण घरी खातो तिच्यात असे विष सोडण्याचा विचारही होता कामा नये.

उरला सिलिकॉनचा लेप. तो विष सोडत नाही. त्याचा पृष्ठभाग इतका निसरडा असतो की जीवाचे सिमेंट त्याला घट्ट धरू शकत नाही आणि पंखा जोरात फिरला की बसलेले जीव सुटून जातात. त्याची मर्यादाही यातच आहे: उभ्या नौकेवर जीव बसतातच, फक्त ते सैल बसतात. मात्र हा लेप उधाणाच्या पाच तासांत लावता येत नाही, कारण त्याला पूर्ण कोरडे पाते आणि सुकायला निवांत वेळ लागतो. म्हणून तो पावसाळ्यापर्यंत लांबणीवर टाकला आणि तोवर एक शिस्त ठरवली: नौका उभी असली तरी चार-पाच दिवसांआड दोर पक्के बांधून गिअर टाकायचा आणि पंखा पुढे-मागे काही मिनिटे फिरवायचा. नुकत्याच बसलेल्या अळ्या आणि बुळा धुऊन जाण्यास त्याने मदत होते, पण पक्के झालेले सुळके त्याने निघत नाहीत, म्हणून खंड पडता कामा नये.

ही शिस्त मार्चपर्यंत पाळली गेली. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, खलाशी गावी गेले आणि पंखा फिरवायला जेटीवर कोणी उरले नाही. तेव्हा तांडेलांनी स्वतः एक गोष्ट केली. त्यांनी जाड ताडपत्रीची पिशवी शिवली, खाली जाऊन ती पंख्यावर चढवली आणि शाफ्टवर दोराने आवळली. पिशवीच्या आतले पाणी कोंडले गेले की त्यातला प्राणवायू संपतो, नव्या अळ्या आत येत नाहीत आणि उजेडही नसतो. पिशवी विसरून गिअर टाकला तर अनर्थ होईल, म्हणून त्यांनी गिअरच्या दांड्याला लाल फडके गच्च बांधले आणि चावी स्वतःच्या घरी नेली. चार आठवड्यांनंतर पिशवी काढली तेव्हा पात्यांवर बुळा होता आणि बार्नॅकल फक्त एका जागी होते, जेथे शिवण उसवली होती तेथे, एका ओळीत. पितळ मात्र काळवंडले होते; कोंडलेल्या पाण्यात तयार होणारा सल्फाइड तांब्याला काळे करतो, आणि फार दिवस तसेच ठेवले तर तो इजाही करू शकतो. म्हणून हा उपाय काही आठवड्यांच्या सक्तीच्या मुक्कामापुरताच वापरावा, असे माझे मत झाले. परंतु ज्या काळात दुसरे काहीच शक्य नव्हते, त्या काळात एका माणसाने सुईदोऱ्याने पंखा वाचवला, याचे मला आजही मोल वाटते.

पावसाळ्यातील काम

२०२०च्या पावसाळ्यात नौका वर ओढून शाकारली आणि पंखा शाफ्टवरून काढला. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत उघड्यावर सिलिकॉनचा लेप देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. त्यामुळे पंखा मालकांच्या घरामागच्या खोलीत नेला, दारे बंद करून दोन दिवस मोठे बल्ब लावून ठेवले आणि धातू हाताला कोमट व कोरडा लागल्यावरच सुरुवात केली. जाड पॉलिश पेपरने पूर्ण पृष्ठभाग खरखरीत केला, कारण लेप धरतो तो या खरखरीवरच. त्यानंतर कापड द्रावकात बुडवून पुसायचे, कापड काळे झाले की नवे घ्यायचे, आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत थांबायचे नाही. या पुसण्यातच निम्मा दिवस गेला. लेप सुटतो तो बहुतेक वेळा येथील घाईमुळेच. मग प्रायमरचे दोन हात, आणि दुसरा पुरता सुकण्याआधीच त्यावर सिलिकॉन. ही वेळ चुकली तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. रात्रभर खोलीला कुलूप होते. जस्ताच्या ठोकळ्यांना लेपाचा थेंबही लागू दिला नाही, कारण झाकलेले जस्त काम करत नाही.

लेपाचा दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो. झाकलेल्या पितळाला जस्ताकडून फारच थोडा विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे जस्त सावकाश झिजते. तीनऐवजी दोन ठोकळे आता पुरतील असा अंदाज केला आणि तो बरोबर ठरला.

जानेवारी २०२१ मधल्या उधाणावर नौका पुन्हा काढून पाहिली. पात्यांच्या पुढच्या धारेवर, टोकाकडच्या बोटभर पट्ट्यात वाळू आणि तरंगत्या कचऱ्याने लेप उडालेला होता आणि तेवढ्या भागात बार्नॅकल घट्ट बसलेले होते. एका पात्यावर दोर घासल्याची लांब रेघ होती, आणि जीव नेमके त्या रेघेवर. उरलेल्या पात्यांवरचे सुळके ओल्या फडक्याने निघाले आणि खाली पांढरे वर्तुळ राहिले नाही. मासेमारी नौकेच्या पंख्यावर हा लेप आरामनौकेइतका टिकणार नाही हे उघड आहे. आमच्या पंख्याला दोर, जाळी आणि उथळ पाण्यातली वाळू रोजची. धारांची डागडुजी दर पावसाळ्यात करावी लागेल हे मालकांनी मान्य केले आणि तो खर्च डिझेलच्या हिशेबात धरला.

शेजारच्या लाकडी नौकेचे सांगायचे राहिले. तिचा तो साफ पंखा पाहून दोन-तीन मालकांनी आपापले जस्त काढायचे मनात घेतले होते. २०२०च्या जुलैमध्ये तिच्या मालकांनी मला पंखा दाखवायला बोलावले. पात्यांवर गुलाबी पट्टे मुळापर्यंत गेले होते. मी हातोडीने हलकेच टकटक केले. चांगले पितळ घंटेसारखे वाजते, हे मडक्यासारखे बद्द वाजले. टोकाला थोडा जोर दिला तशी नाण्याएवढी कपची तुटून हातात आली, आणि तिची तुटलेली कड आतपर्यंत वीटकरी, भुसभुशीत होती. ती कपची मी जेटीवर फिरवून दाखवली. त्या नौकेला नवा पंखा घ्यावा लागला, आणि तो शाफ्टवर चढण्याआधी त्याच कोरड्या खोलीत त्याला लेप दिला. जस्ताचे दोन ठोकळे त्याच आठवड्यात बसले.